बडोद्याचा करार आणि न्यूयॉर्कचा दरवाजा

४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानच्या शिक्षण खात्यात एका बावीस वर्षांच्या तरुणाने करारावर सही केली. अमेरिकेत जाऊन नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची, असा तो करार होता. बदल्यात तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते. तरुणाचे वडील चारच महिन्यांपूर्वी, २ फेब्रुवारीला वारले होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हा तरुण न्यूयॉर्कला उतरला आणि कोलंबिया विद्यापीठात शिकू लागला. करारावरची सही आणि विद्यापीठाचे दार यांत सात आठवड्यांचेही अंतर नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबियातले शिक्षण हा आपल्याकडे गौरवाचा विषय आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्या सात आठवड्यांचे कुतूहल आहे. आज अशा विद्यापीठात जायचे तर तयारीला वर्ष-दीड वर्ष लागते. परीक्षा, शिफारसपत्रे, हेतूनिवेदन, बँकेचे दाखले, व्हिसाची मुलाखत असे सगळे सोपस्कार असतात. १९१३ साली यांतले जवळजवळ काहीच नव्हते. मग त्या तरुणाची पारख झाली कुठे, आणि केली कोणी?

पारख झाली ती चर्नी रोडच्या बागेत. शाळा सुटल्यावर तिथे वाचत बसणारा मुलगा विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या नजरेस पडला. केळुसकर म्हणजे शिवचरित्र लिहिणारे तेच. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा त्याला सयाजीराव महाराजांसमोर उभे करणारेही तेच. दरमहा पंचवीस रुपयांची पहिली शिष्यवृत्ती त्या भेटीतून मिळाली. आजच्या भाषेत हे शिफारसपत्र, फक्त ते कागदावर नव्हते. एक माणूस मुलाला बरोबर घेऊन चालत गेला होता.

मॅट्रिकला त्या मुलाला ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे शेकडा अडतीसही नाहीत. हा आकडा चरित्रात आहे, पण व्याख्यानांत तो सहसा येत नाही. का येत नाही हे समजते. पण तो लपवण्यासारखा आहे असे मला वाटत नाही. ज्या घरातून आणि ज्या वर्गातून ते गुण आले, तिथे उत्तीर्ण होण्यासाठीच सत्कारसभा भरत होती. आजच्या कुठल्याही चाळणीत हा विद्यार्थी पहिल्याच फेरीत खाली पडला असता. आणि याच विद्यार्थ्याने कोलंबियात अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा असे मिळून साठ अभ्यासक्रम घेतले.

मी राहतो कळंबला. मराठवाड्यातले नव्हे, यवतमाळ जिल्ह्यातले, चिंतामणी गणपतीचे. कापूस, सोयाबीन, तूर आणि यवतमाळ-नागपूर रस्त्यावरची वर्दळ एवढ्यावर गावाचे चालते. रेल्वे आमच्याकडे आली २०२४ च्या फेब्रुवारीत, तीही वर्ध्यापर्यंतची. माझे शिक्षण बेताचेच. जुनी मासिके, ज्ञानकोशाचे खंड आणि चरित्रे वाचत संशोधनाचा नाद लागला. गावात मी ‘पुस्तकवाले काका’ म्हणून ओळखला जातो, त्यामुळे गेली काही वर्षे एक प्रश्न घेऊन पोरे येतात, कधी त्यांचे बाप येतात: ‘काका, आपल्या पोराले हार्वर्ड भेटन काय? चान्स किती?’

पहिल्यांदा हसू आले होते. नंतर लक्षात आले की या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आमच्याच मुलखातून जातो.

कळंबहून नागपूरकडे निघाले की वर्धा नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. त्या वर्ध्यात पांडुरंग सदाशिव खानखोजे जन्मले. क्रांतिकारक म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत, गदर पक्षाच्या इतिहासात त्यांचे नाव येते. पण ते शेतकीचे पदवीधरही होते. जपानमार्गे गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले. भांडी घासली, शेतांवर मजुरी केली, आणि ओरेगॉनमधल्या कोर्व्हॅलिसच्या व वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनच्या कृषी महाविद्यालयांत शिकले. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत ते प्राध्यापक झाले, मक्यावर त्यांनी संशोधन केले, आणि दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवले. १९६७ साली नागपुरात ते वारले.

दुसरे श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्ञानकोशकार. जन्म रायपूरचा, बालपण आणि शाळा अमरावतीची. १९०६ साली ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. विद्यार्थी असतानाच १९०९ साली त्यांचा भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ तिथे छापला गेला. १९११ ला ते पीएच.डी. झाले. कॉर्नेल आज अमेरिकेतल्या सर्वांत मानाच्या आठ विद्यापीठांच्या मालिकेत मोडते. केतकर गेले तेव्हा ते जेमतेम चाळीस वर्षांचे होते.

कॉर्नेल, कोर्व्हॅलिस, पुलमन ही तिन्ही नावे एका धाग्यात ओवलेली आहेत. अमेरिकेत १८६२ साली मॉरिल कायदा झाला. प्रत्येक राज्याला त्याच्या काँग्रेसमधल्या प्रत्येक प्रतिनिधीमागे तीस हजार एकर सरकारी जमीन मिळावी, ती विकून आलेल्या पैशातून शेतकी आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये निघावीत, असा तो कायदा. शेतकऱ्या-कारागिरांच्या मुलांसाठी काढलेल्या या शाळा होत्या, त्यामुळे दाराशी फार चौकशी नव्हती. कुणालाही कुठलाही विषय शिकता यावा, ही तर एझ्रा कॉर्नेल यांची घोषणाच होती. जमीन मात्र सरकारच्या बापाची नव्हती. तिच्यातला मोठा भाग तिथल्या आदिवासी जमातींकडून तहात, दबावात आणि युद्धात काढून घेतलेला होता. कोलाम-गोंडांच्या तालुक्यात राहून हे वाचताना मला ते ओलांडून पुढे जाता येत नाही. वऱ्हाड-नागपूरकडच्या मुलांना अमेरिकेत मिळालेल्या शिक्षणाच्या तळाशी दुसऱ्या कुणाचे तरी रान आहे.

या सगळ्यांच्या आधीचा अर्ज आहे आनंदीबाई जोशींचा. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून निघाल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत असताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले होते आणि त्यातून पत्रव्यवहार सुरू झाला होता. पोचल्यावर आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहिले. प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी बसत नसेन, हे त्यांनी झाकून ठेवले नाही. जातीचा आणि आप्तांचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने मी इथवर आले तो लक्षात घ्यावा. स्वतःसाठी काही मागत नाही, पण माझ्या देशातल्या स्त्रियांच्या उपचारांना लायक होण्यासाठी जे लागेल ते तुमच्या, नाहीतर जे कुणी घेतील त्यांच्या दारात मागते, असा त्याचा आशय आहे. आज परदेशी जाणारी मुले हेतूनिवेदन लिहून घेण्यासाठी पुण्या-नागपुरात हजारो रुपये मोजतात. मराठी माणसाने अमेरिकेत दिलेला असा पहिला कागद बहुधा हाच असावा, आणि तो आजही नमुना म्हणून चालेल. कॉलेजने त्यांना घेतले. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि वर्ष भरायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात वारल्या.

इथपर्यंतचे वाचून कुणाला वाटेल की तो सुवर्णकाळ होता. तसे मी मानत नाही. विद्यापीठाचे दार उघडे होते याचे एक साधे कारण म्हणजे तिथवर पोचणारेच थोडे होते. बोटीचे भाडे, समुद्रप्रवासाचा निषेध, इंग्रजी, ओळखीचा पत्ता, एवढ्यातच चाळणी होऊन जाई. शिवाय किनाऱ्यावर दुसरे दार होते. सरकारवर बोजा होईल असा संशय आला की पश्चिम किनाऱ्यावरचे अधिकारी हिंदी माणसाला परत पाठवू शकत. १९१७ च्या कायद्याने तर हिंदुस्थानासकट आशियाचा मोठा पट्टाच बंद केला. विद्यार्थ्यांना त्यातून सूट होती, पण सूट मिळवायची म्हणजे आपण मजूर नाही हे सिद्ध करायचे. खानखोज्यांसारख्या भांडी घासून शिकणाऱ्याची त्यात अडचणच झाली असती. पोट भरायला केलेली मजुरी आणि विद्यार्थीपण यांत कायद्याने भिंत घातली, ती अजून उभी आहे. आजचा आय-२० हा फॉर्म हाती पडण्याआधी पहिल्या वर्षाचा खर्च कुठून येणार ते दाखवावे लागते.

विद्यापीठांनी स्वतः दार आवळायला घेतले ते पहिल्या महायुद्धानंतर, आणि त्याला कारण झाले ज्यू विद्यार्थी. ठरलेली परीक्षा उत्तीर्ण झाला की हार्वर्डमध्ये प्रवेश, असा तोवर सरधोपट व्यवहार होता. गरीब ज्यू निर्वासितांची मुले ती परीक्षा भराभर उत्तीर्ण होऊ लागली. १९२२ पर्यंत हार्वर्डच्या नव्या वर्गात ती पाचातली एक झाली. अध्यक्ष लॉवेल यांना त्यांचे प्रमाण पंधरा टक्क्यांवर आणायचे होते. उघड कोटा प्राध्यापकांच्या समितीने फेटाळला. मग वेगळा मार्ग निघाला. १९२६ पासून वर्गाची संख्या मर्यादित झाली, ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहिले जाऊ लागले, अर्जासोबत छायाचित्र मागवले जाऊ लागले. न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाने असलेच उपाय त्याआधीच योजले होते. म्हणजे बाबासाहेब कोलंबियातून बाहेर पडले १९१६ ला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच आवारात अर्जदाराचे घराणे तपासण्याचे तंत्र तयार झाले. आज ‘संपूर्ण व्यक्तिमत्त्वाचा विचार’ म्हणून ज्या पद्धतीचे कौतुक होते, तिच्या मुळाशी हा प्रकार आहे. पुढे तिचा चांगला उपयोगही झाला, मागे ठेवलेल्यांना आत आणण्यासाठी ती वापरली गेली, आणि २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करण्यास बंदी घातली. पण ती जन्मली होती कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी.

या सांध्यावर आपलाच एक माणूस उभा आहे. गोव्यातल्या कोसबेन इथे जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे पंडित, ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी हार्वर्डने त्यांना बोलावले होते. १९१८ साली ते मुलाला बरोबर घेऊन गेले. मुलगा केंब्रिज गावातल्याच शाळेत शिकला, १९२४ साली हार्वर्डला पात्र ठरला आणि १९२९ ला सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. कोसंबींच्या बुद्धीबद्दल शंका घेण्याचे धाडस कुणी करू नये. मला दिसते ते एवढेच की ते गोव्यातून हार्वर्डला गेले नाहीत, हार्वर्डच्या शेजारच्या गल्लीतून हार्वर्डला गेले. बाप आधीच आत होता.

आता आजचे आकडे. २०२४ साली हार्वर्डच्या पदवी वर्गासाठी ५४,००८ अर्ज आले, १,९३७ जणांना प्रवेश मिळाला, शंभरात चारही नाहीत. एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी शंभरातल्या दोघांच्या आसपास घेतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांची संख्या आम्ही मर्यादित ठेवतो असे ते स्वतःच सांगतात. त्यात आणखी एक गोम आहे. अर्जदाराला पैशाची मदत लागेल की नाही हे न पाहता परदेशी मुलांना निवडणाऱ्या संस्था हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्यांत ‘मला मदत हवी’ या चौकटीत खूण केली की संधी घटते. स्टॅनफर्डदेखील यातच येते. कळंबच्या बापाचा ‘चान्स किती’ हा प्रश्न म्हणून एका आकड्यात सुटत नाही. तीच हुशारी, तेच गुण, पण बाप पैसे भरणारा असेल तर आकडा वेगळा आणि मागणारा असेल तर वेगळा.

तरीही २०२३-२४ साली अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, चीनपेक्षाही जास्त. हे लाखो कुठून गेले? त्यांच्यात बारावीनंतर पदवीला गेलेले छत्तीस हजारांच्या आसपास. मोठा भाग एम.एस. वगैरे करणाऱ्यांचा, आणि तो दरवाजा बहुतेक ठिकाणी फी भरणाऱ्याला बऱ्यापैकी उघडतो. आमच्या भागात त्यासाठी शेत गहाण पडल्याचे मी पाहिले आहे. पीएच.डी.चा दरवाजा सर्वांत अरुंद, पण आत गेले की फी माफ आणि वर निर्वाहापुरते मानधन. गंमत अशी की खेड्यातल्या पोरांना हार्वर्डचे नाव माहीत असते आणि ही शेवटची गोष्ट कुणी सांगितलेली नसते. तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाने उभ्या हयातीत परदेशी विद्यापीठाला शिफारसपत्र लिहिलेले नसते. केळुसकर भेटणे हा अजूनही योगायोगच आहे. यवतमाळातून सुरू झालेल्या एकलव्य फाउंडेशनसारखी संस्था पहिल्या पिढीच्या पोरांना अर्ज कसा लिहायचा हे शिकवते, म्हणून मी तिच्याकडे केळुसकरांच्या परंपरेतली म्हणून पाहतो.

पण केळुसकरांनंतर सयाजीराव लागतात. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बाराव्या वर्षी दत्तक गेलेल्या त्या राजाची जागा आज सरकारी योजनांनी घेतली आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, तिच्या जागा ७५. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची, तिच्या जागा १२५. त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींना, सहा भटक्या-विमुक्तांना, आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांना मिळून चार. साऱ्या देशात चार! आमच्या एका तालुक्यात भूमिहीनांची घरे मोजायला बसलो तर दिवाळी उलटून जाईल. आदिवासींसाठी वेगळी योजना आहे, तिच्या वीस जागांपैकी तीन कोलामांसारख्या अतिमागास जमातींना, त्याही अख्ख्या देशासाठी. हार्वर्डच्या शंभरात चारला आपण कठीण म्हणतो. या चार जागांचे प्रमाण काढायला कुणी बसत नाही.

२०२२ च्या नियमावलीत केंद्राच्या या शिष्यवृत्तीला एक कलम जोडले गेले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी परदेशात जायला पैसे मिळणार नाहीत. असे विषय देशातच चांगले शिकता येतात, असे कारण देण्यात आले. वरकरणी ते पटते. पण मे १९१६ मध्ये कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी वाचलेल्या निबंधाचा विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता. कॉर्नेलमध्ये केतकरांनी लिहिला तो जातिसंस्थेचा इतिहास. या कलमाखाली यांतल्या एकाही विषयाला शिष्यवृत्ती मिळाली नसती. बडोद्याच्या करारातही विषय नेमून दिलेला होता, हे खरे. पण नेमून दिल्यावर बडोद्याच्या शिक्षण खात्याने न्यूयॉर्कच्या परिसंवादात डोकावून पाहिले नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे येऊन बसला होता. आई कापूस वेचायला जाते, तो स्वतः एम.ए. आहे. त्याला वेचणीच्या मजुरीचा इतिहास लिहायचा आहे. वऱ्हाडात मणावर मजुरी कधी सुरू झाली, बायांना आणि गड्यांना किती फरकाने मिळे, हे त्याला जुन्या कागदांतून काढायचे आहे. विषय मला इतका आवडला की माझ्याजवळच्या वऱ्हाडावरच्या नोंदींची वही मी त्याला देऊन टाकली. अर्जातला विषयाचा रकाना मात्र त्याने तीनदा खोडला. आधी ‘इतिहास’ गेला, मग ‘वऱ्हाड’ गेले. शेवटी तिथे ‘कृषी अर्थशास्त्र’ एवढेच उरले, आणि तो नागपूरच्या गाडीने कागद जोडायला निघून गेला.